पन्हाळा कोणत्या चरणात येतो? : ध्रुवीय आणि कार्टेशियन निर्देशकांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : बिंदूचा क्ष-निर्देशक ऋण असला की कॅल्क्युलेटरवर काढलेला कोन उत्तराशी जुळत नाही. सूत्र बरोबर असूनही असे का होते? (पदविका विद्यार्थी, राजारामपुरी)

कार्टेशियन निर्देशकांवरून (क्ष, य) ध्रुवीय निर्देशक, म्हणजे आरंभबिंदूपासूनचे अंतर (आर) आणि कोन (थीटा), काढताना वापरले जाणारे टॅन थीटा = य/क्ष हे सूत्र बरोबर आहे, परंतु ते अपुरे आहे. अंबाबाईचे मंदिर आरंभबिंदू मानू आणि पूर्व व उत्तर या अनुक्रमे क्ष व य अक्षांच्या धन दिशा धरू; कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजू. पन्हाळा ढोबळमानाने १४ किलोमीटर पश्चिमेला आणि १२ किलोमीटर उत्तरेला आहे असे धरू, म्हणजे त्याचे निर्देशक (−१४, १२) होतात आणि तो दुसऱ्या चरणात, अर्थात अक्षांनी पडणाऱ्या चार भागांपैकी वायव्येच्या भागात, येतो. आरंभबिंदूपासूनचे अंतर √(१९६ + १४४), म्हणजे सुमारे १८.४ किलोमीटर येते. रस्ता वळणांचा असल्यामुळे गाडीने ते अधिक भरते. आता य ला क्ष ने भागून टॅनचा व्यस्त (tan⁻¹, म्हणजे ती टॅन किंमत असणारा कोन) घेतला, तर कॅल्क्युलेटर −४०.६° दाखवतो. ही दिशा आग्नेयेची आहे. पन्हाळ्याला निघालेला माणूस कागलच्या बाजूला लागला!

याचे कारण भागाकारात आहे. १२ ला −१४ ने भागा किंवा −१२ ला १४ ने भागा, उत्तर एकच येते आणि दोहोंपैकी ऋण कोण होते ही माहिती तिथेच पुसली जाते. कॅल्क्युलेटर मात्र नेहमी −९०° ते ९०° यांच्या दरम्यानचाच कोन देतो. म्हणून क्ष ऋण असेल तर त्या कोनात १८०° मिळवावेत, येथे १३९.४° हा योग्य कोन मिळतो. क्ष शून्य असेल तर भागाकारच करता येत नाही, तेव्हा य चे चिन्ह पाहून ९०° किंवा २७०° लिहावे. माझा आग्रह असा की आकडेमोडीआधी बिंदू कागदावर काढावा, कारण चरण डोळ्यांना दिसला की ही चूक सहसा होत नाही.

प्रश्न : (३, २४०°) आणि (−३, ६०°) हे एकच बिंदू आहेत का? (बारावीची विद्यार्थिनी, इचलकरंजी)

होय. येथे पहिली संख्या अंतर आणि दुसरी कोन आहे. ६०° च्या दिशेला तोंड करून तीन एकके मागे सरकल्यास आपण २४०° च्या रेषेवरच पोहोचतो. प्रश्नात वेगळे सांगितले नसेल तर अंतर धन आणि कोन ०° ते ३६०° यांच्या दरम्यान ठेवावा.

प्रश्न : आर = ४ कोसाइन थीटा या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना आर ने गुणतात. आर शून्य असल्यास हे चालते का? (शिक्षिका, गडहिंग्लज)

ही शंका अत्यंत रास्त आहे. आर² = क्ष² + य² आणि आर कोसाइन थीटा = क्ष असल्यामुळे गुणल्यावर क्ष² + य² = ४क्ष, म्हणजेच (क्ष − २)² + य² = ४ हे (२, ०) केंद्राचे आणि २ त्रिज्येचे वर्तुळ मिळते. गुणाकाराने फार तर आरंभबिंदूच नव्याने शिरू शकतो; पण थीटा ९०° असताना मूळ वक्र त्यातून जातोच, त्यामुळे येथे काही वाढत नाही. याउलट आर = २ ला आर ने गुणले, तर मूळ वर्तुळावर नसलेला आरंभबिंदू उत्तरात येतो. म्हणून गुणण्यापूर्वी मूळ वक्र आरंभबिंदूतून जातो की नाही, हे विद्यार्थ्यांकडून अवश्य तपासून घ्यावे.