सोमाली कविता आधी ऐका

सोमाली साहित्याचा तुलनात्मक अभ्यास सुरू करताय, तर लगेच छापील संग्रहांकडे वळू नका. सोमालीला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये, रोमन. त्याआधीची कविता मुख्यतः पाठांतरावर तगली. म्हणून ध्वनिमुद्रणं ऐका. सोमालीलँडची राजधानी हर्गेसा, तिथल्या सांस्कृतिक केंद्रात कॅसेटचा मोठा संग्रह आहे.

‘गबय’ या काव्यप्रकारात ओळीच्या दोन्ही भागांत एकाच व्यंजनाने सुरू होणारा शब्द लागतो, आणि तेच व्यंजन शेवटच्या ओळीपर्यंत सांभाळायचं असतं. स्वर घेतला तर सगळे स्वर एकमेकांशी चालतात. केवढी शिस्त आहे ही! कानाला हे कळलं नाही, तर भाषांतरात काय गेलं तेही कळणार नाही.

मराठीशी तुलना करायची असेल तर जात्यावरच्या ओव्या आणि सोमाली श्रमगीतं घ्या: धान्य कांडतानाची, चटया विणतानाची, उंटांना पाणी पाजतानाची. ‘बुराम्बुर’ मात्र त्यांत मिसळू नका. तो बायकांचा स्वतंत्र, मानाचा काव्यप्रकार आहे. साम्य दिसताच लेख लिहू नका. कोण गातं, कुणासमोर, कोणत्या प्रसंगी, हे आधी नोंदवा. आणि दक्षिण सोमालियातली ‘माय’ नावाची बोली वगळू नका, ती फार दुर्लक्षित राहिली आहे.