झोपेत काही चावले, पण खूण नाही आणि दुखतही नाही. दवाखान्यात जावे का?

आपण विचारले आहे की, गेल्या आठवड्यात रात्री पडवीत जमिनीवर झोपलेल्या वडिलांना काहीतरी चावल्यासारखे वाटले, परंतु सूज, वेदना, दातांची खूण यांपैकी काहीच नसल्यामुळे आपण सकाळपर्यंत थांबलात. सुदैवाने काही झाले नाही, तरी पुन्हा असे घडल्यास काय करावे. माझे उत्तर स्पष्ट आहे: थांबू नये, त्याच वेळी निघावे.

ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून मी बरेच पावसाळे काढले आहेत, आणि रात्रीच्या अशा दंशात 'दुखत नाही' हे शब्द ऐकले की मला जास्त काळजी वाटते. नाग, घोणस किंवा फुरसे चावले तर बहुधा जागा सुजते आणि ठणकते, त्यामुळे घरचे लोक आपोआप धावपळ करतात. मण्यार मात्र रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, आणि तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूणही सापडत नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, उलटी होते, आणि लोक ते रात्रीच्या जेवणावर ढकलतात. पहाटे पोटदुखीने उठलेल्या एका मुलीला दुसरीकडे पित्ताची गोळी देऊन घरी पाठवले होते. आमच्याकडे आणली तेव्हा तिच्या पापण्या उघडत नव्हत्या. पापण्या जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, आवाज नाकातून येणे, थुंकी गिळता न येणे ही विष मज्जातंतूंवर चढत असल्याची लक्षणे आहेत, आणि त्यानंतर श्वासाचे स्नायू थकतात.

निघताना आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, आणि मांत्रिकाकडे एक तासही घालवू नये. रुग्णाला चालवू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साप शोधत बसण्याची गरज नाही, कारण आपल्याकडील प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते.

रुग्णालयात गेल्याबरोबर प्रतिविष का देत नाहीत, यावरून नातेवाईक अनेकदा चिडतात, म्हणून हे सविस्तर सांगते. कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनल्याचे कळते. मण्यारीच्या विषाने रक्तात असा फरक पडत नाही, म्हणून पापण्या, मान आणि श्वास पुन्हा पुन्हा तपासतात. विषाचे लक्षण दिसले तरच प्रतिविष देतात, कारण ते घोड्याच्या रक्तापासून बनते आणि त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. खाज, थंडी वाजणे किंवा धाप सुरू झाली तर ताबडतोब सांगावे. पहिली मात्रा साधारण 8 ते 10 कुप्यांची असते, आणि लहान मुलालाही तेवढीच लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. काहीच लक्षण नसले तरी किमान 24 तास देखरेखीखाली ठेवतात, आणि 'बरे वाटते' म्हणून रुग्णाला लवकर घरी नेणे धोक्याचे आहे.

श्वास मंदावल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो, कधी कित्येक दिवस. रुग्ण डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, पण त्याला बहुतेक वेळा सारे ऐकू येत असते. म्हणून खाटेजवळ रडण्याऐवजी त्याच्याशी बोलावे. वेळेवर श्वास सांभाळला गेला, तर असे रुग्ण चालत घरी जातात. घरी गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आले, तर तो प्रतिविषाचा उशिरा होणारा परिणाम असू शकतो. त्याच रुग्णालयात जाऊन दाखवावे.