ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) चाहत्यांवर एखादी विनोदी पोलिसी मालिका आहे का?
आहे ना! ‘ॲनिमे क्राइम्स डिव्हिजन’ बघा. क्रंचीरोल (ॲनिमे दाखवणारी स्ट्रीमिंग सेवा) आणि रॉकेटजंप (व्हिडिओ बनवणारी कंपनी) यांची २०१७ सालची अमेरिकन वेब सिरीज. ॲनिमेशन नाही, खरे कलाकार आहेत. शहराचं नाव निओ ओटाकू सिटी (ओटाकू म्हणजे ॲनिमेचं आणि मांगाचं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं, वेड लागलेला माणूस), आणि तिथले डिटेक्टिव्ह फुरुया व डिझेल ॲनिमेवेड्यांच्या जगातले गुन्हे सोडवतात.

मला सगळ्यात आवडतो सुंगवॉन चो, म्हणजे यूट्यूबवरचा प्रोझेडडी. फुरुयाचं काम तो इतक्या गंभीर चेहऱ्याने करतो की हसून हसून पुरेवाट होते. चाहत्यांची थट्टा आहे, पण घरच्या माणसाने करावी तशी, प्रेमाने. ॲनिमे थोडंफार पाहिलेलं असेल तर दुप्पट मजा येईल.