एकनंतर दहा का येते? भाषांतरकारांच्या शंका

फायलींच्या क्रमाबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. म्हणून एकत्र उत्तरे देतो.

यंत्रमागाच्या माहितीपुस्तिकेच्या २४ फायली आहेत. ओमेगा-टी या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये १ नंतर १०, ११ आणि बऱ्याच खाली २ दिसते. फायली खराब झाल्या का? (अक्कलकोट रोड)
नाही. सॉफ्टवेअर नाव एकेक अक्षर करून ताडते आणि १०मधला पहिला १ हा २च्या आधी येतो.

मग विंडोजच्या फोल्डरमध्ये क्रम बरोबर कसा?
एक्सपी या आवृत्तीपासून विंडोज नावातला आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचते. प्रत्येक सॉफ्टवेअर तसे करत नाही.

काही फायलींना देवनागरी आकडे आहेत, काहींना इंग्रजी. चालेल का? (नवी पेठ)
नको. युनिकोडमध्ये इंग्रजी आकडे ४८ ते ५७ आणि देवनागरी २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर आहेत, म्हणून साध्या क्रमवारीत दोन वेगळे गट पडतात. कोणते ठेवायचे ते काम देणाऱ्याला विचारा.

निम्मे काम झाले आहे. मित्र म्हणतो, आताच सगळ्यांना ०१, ०२ अशी नावे दे. देऊ का? (होटगी रोड)
थांबा. ‘नाव बदलले की झाले’ या ऐकीव सल्ल्याने चांगली कामे बिघडतात. ओमेगा-टीत नेहमीचे भाषांतर मूळ वाक्याशी बांधलेले असते, ते जात नाही. पण तेच वाक्य एखाद्या प्रकरणात वेगळ्या अर्थाने आले आणि तुम्ही तिथे पर्यायी भाषांतर दिले असेल, तर ते फाइलच्या नावाशी बांधलेले असते. नाव बदलले की ते सुटते, त्या जागी नेहमीचे भाषांतर येऊन बसते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. मागावर काम करणारा माणूस तेच वाचून कळ दाबणार आहे! शिवाय तयार फायलींच्या फोल्डरमध्ये जुन्या नावांच्या प्रती तशाच राहतात आणि दोन्ही संच पाठवले जातात. इतर काही सॉफ्टवेअरमध्ये तर फाइल सापडतच नाही.

क्रम हवाच, हे मान्य. दुसऱ्या प्रकरणात धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या भागाची) ओळख होण्याआधी दहावे हाती आले, तर शब्द अंदाजाने ठरतो. पण त्यासाठी ओमेगा-टीच्या ‘प्रकल्पातील फायली’ या खिडकीत फायली वर-खाली सरकवता येतात, नावे न बदलता. ०१ची पद्धत काम सुरू होण्याआधीची. शंभर किंवा जास्त फायली असतील तर ००१. आता बदलायचेच असेल, तर प्रकल्प बंद करून पूर्ण फोल्डरची प्रत काढा आणि समन्वयकाची लेखी संमती घ्या.

दुकानदार म्हणतो, क्रम नीट हवा तर ओमेगा-टीच्या ‘प्रो’ आवृत्तीची सीडी विकत घ्या.
घेऊ नका. ओमेगा-टी मुक्त आणि मोफत आहे, त्याची विकतची ‘प्रो’ आवृत्ती नाही. अशी सीडी संगणकात घालूही नका.

उद्या काम द्यायचे आहे. आज रात्री क्रम लावू?
नको. तयार फायली मूळ नावांनीच बाहेर पडतात, त्यामुळे ग्राहकाच्या विंडोजमध्ये त्या क्रमानेच दिसतील. रात्र शब्दांची एकवाक्यता तपासण्यात घालवा. काही जुळत नसेल, तर सकाळची वाट न पाहता समन्वयकाला आजच कळवा.