तळहातावरचा म्यूऑन

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र वाचलं. आइन्स्टाइन, बोर, डिरॅक, श्रोडिंगर, सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांवर भरभरून लिहिलं आहेस आणि शेवटी हळूच विचारलंस, ‘हे सगळं थक्क करणारं आहे, पण मला ते खरंच कळतंय का?’ बाकीच्या चार पानांपेक्षा मला ही एक ओळ जास्त आवडली.

आता एक कर. डावा हात समोर धर, तळवा आभाळाकडे. साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा एक जड भाऊबंद, त्यातून आरपार जातोय. अवकाशातून येणारे वेगवान कण हवेवर आदळतात आणि सुमारे १५ किलोमीटर उंचीवर हे म्यूऑन जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानं पळाला तरी तेवढ्या वेळात म्यूऑन कापणार जेमतेम ६६० मीटर. म्हणजे इथवर यायला त्याला वीस-बावीस आयुष्यं लागतील! अब्जावधींतून एखादाच खाली पोचायला हवा होता. मग तुझ्या हातावर ही रीघ कशी?

कागद घे. म्यूऑनचा वेग प्रकाशाच्या ९९.९ टक्के धर. ०.९९९ चा वर्ग १ मधून वजा कर, वर्गमूळ काढ, त्यानं १ ला भाग. उत्तर २२ च्या थोडं वर येईल. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार आपल्या दृष्टीनं त्याचं घड्याळ तितक्या पटीनं हळू चालतंय. ६६० ला त्यानं गुण आणि किती किलोमीटर होतात ते बघ. ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी १९४१ साली डोंगरावरचे आणि खालचे म्यूऑन मोजून हाच परिणाम दाखवला. सापेक्षतेवरची व्याख्यानं मी कितीतरी ऐकली होती. अंगावर काटा आला तो हा गुणाकार स्वतः केला तेव्हा.

थोरांबद्दलही थोडं. जीभ काढलेला आइन्स्टाइन भिंतीवर लावायला माझी हरकत नाही, पण त्याच्या शेजारी रॉबर्ट मिलिकन या प्रयोगकर्त्याला जागा दे. प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांनी येतो, हे आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडलं आणि प्रकाश पडल्यावर धातूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांना किती ऊर्जा मिळेल याचं समीकरण दिलं. मिलिकनला ते मुळीच पटेना. त्यानं जवळजवळ दहा वर्षं त्या समीकरणाची परीक्षा घेण्यात घातली. हवा लागली की धातूचा पृष्ठभाग बिघडतो, म्हणून निर्वात नळीच्या आतच सुरी बसवून सोडियमचा पापुद्रा काढायचा आणि त्या ताज्या पृष्ठभागावर प्रकाश टाकून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची, अशी त्याची तऱ्हा. १९१६ साली आकडे आले ते आइन्स्टाइनच्या बाजूनं. मिलिकननं ते तसेच छापले. गंमत म्हणजे समीकरण बरोबर आहे हे मान्य करूनही त्यामागची कल्पना त्याला तेव्हाही पटली नव्हती.

आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक? १९०० साली ऊर्जेचे तुकडे त्यानंच पहिल्यांदा गणितात आणले, नाइलाज म्हणून. पुढे १९१३ मध्ये आइन्स्टाइनची बर्लिनच्या अकादमीसाठी शिफारस करताना प्लांक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की, प्रकाशाच्या पुड्यांच्या बाबतीत या माणसाचा नेम कदाचित चुकला असेल, पण ते फार मनावर घेऊ नये. म्हातारपणी आइन्स्टाइन स्वतः क्वांटम यांत्रिकीबद्दल, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या सिद्धांताबद्दल, असाच अडून बसला. त्यामुळे ‘माझ्या बुद्धीला हे पटत नाही’ असं लिहिताना तू उगीच ओशाळू नकोस. न पटण्यात तुला सोबत मोठी आहे. फक्त मिलिकनसारखं मोजायचं सोडू नकोस.

क्वांटमचं पुढच्या पत्रात. तोवर एक प्रश्न. म्यूऑनच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं घड्याळ मुळीच हळू चालत नाही. त्याच्या लेखी त्याचं आयुष्य तेच, २.२ मायक्रोसेकंद. मग तो खाली पोचतो कसा? मी मुद्दामच सांगत नाही. इंटरनेटवर शोधण्याआधी दोन दिवस स्वतः झगड आणि जे काही होईल ते खाडाखोडीसकट पाठव.

तुझा,
सर