'हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग माझी तपासणी कशाला?'

गरोदर स्त्रिया आणि त्यांचे पती यांच्याशी एचआयव्ही तपासणीबद्दल बोलणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कोणत्या सुरात बोलले जाते याकडेच आता माझे लक्ष असते. 'हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय ना मॅडम, मग माझी तपासणी कशाला?' काही जण ते सहज विचारतात, काही चिडून, तर काही जण दाराकडे बघत. त्यांच्या बायकांची काळजी याच प्रश्नाची दुसरी बाजू असते. 'ह्यांना तपासणी करा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी संशय घेते असं वाटेल त्यांना.' ही अडचण पुण्यात कात्रजच्या भाड्याच्या खोलीत जेवढी असते तेवढीच हिंजवडीच्या मोठ्या सोसायटीतही असते, फक्त तिथे ती जरा गुळगुळीत भाषेत मांडली जाते.

नवऱ्याच्या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर आहे आणि ते आधीच देऊन टाकते. बायकोचा रिपोर्ट हा फक्त बायकोचा असतो. नवऱ्याला लागण असली तरी प्रत्येक संबंधातून ती बायकोला होतेच असे नाही, त्यामुळे एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी आम्हाला नेहमी भेटतात. शिवाय नवी लागण नेहमीच्या चाचणीत दिसू लागायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागू शकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिसऱ्या महिन्यात केलेली चाचणी तिसऱ्या महिन्यापर्यंतचेच सांगते. त्यानंतर, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना, आईला नव्याने लागण झाली, तर सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार जास्त असते आणि बाळाला असलेला धोकाही त्या प्रमाणात वाढतो. कार्डावर मात्र 'निगेटिव्ह' लिहिलेले असते आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर सगळे निश्चिंत राहतात.

बायकांच्या काळजीला इतके सरळ उत्तर नाही. तिथे गोष्टच सांगावी लागते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

ती पाचव्या महिन्यात होती. पहिल्या तपासणीत तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा. प्रत्येक वेळी तो तिला दुचाकीवरून आणून सोडायचा आणि बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचा. 'ह्यांना आत बोलवू का?' असे ती दरवेळी विचारायची आणि मी 'बोलवा' म्हटले की, 'नको, पुढच्या वेळी बघू' म्हणायची. शेवटी मी तिला विचारले, "तुम्हाला भीती कसली वाटते? ते रागावतील याची, की रिपोर्टची?"

ती बराच वेळ कार्डाची घडी घालत-उलगडत राहिली. मग म्हणाली, "रागावतील याची. रिपोर्टचा तर मी विचारच केला नव्हता."

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना न सांगताही कळते. माणूस घटनेने जेवढा हलतो त्याहून जास्त त्या घटनेला त्याने मनात चिकटवलेल्या अर्थाने हलतो, असे मी मानते. या जोडप्याच्या मनात एकच अर्थ घट्ट बसला होता : तपासणी म्हणजे आरोप. ती आरोप करायला धजत नव्हती आणि तो आरोप ऐकून घ्यायला तयार नव्हता. दोघांनीही प्रत्यक्षात एकमेकांना काहीच विचारले नव्हते. म्हणून तिला मी एवढेच सुचवले की, स्वतःच्या वतीने काही मागू नका. 'बाळाच्या बापाचीही तपासणी करतात, मॅडमनी बोलावलंय' असे सांगा. हे खोटे नव्हते. बोलावले मीच होते.

तो आला. मांडीवर हेल्मेट घेऊन बसला आणि त्याची काच वर-खाली करत राहिला. ते नेहमीचे वाक्य त्याने पहिल्याच मिनिटाला म्हटले. मी वर दिलेले उत्तर दिले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली आणि म्हणाला, "पटलं मॅडम. पण आज नको." ज्याला पटले नाही तो वाद घालतो, ज्याला पटूनही नको असते त्याच्याकडे न बोललेले काहीतरी असते, हे मी या कामात शिकले आहे. त्या दिवशी मी आग्रह केला नाही. तपासणी संमतीशिवाय करता येत नाही, २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने तसे स्पष्ट बंधन घातले आहे. मलाही नाइलाजाने दिलेली सही नकोच असते.

पुढच्या भेटीला तो एकटा आला. लग्नाआधी तो काही वर्षे परगावी साइटवर कामाला होता, त्या काळातले काही त्याला सांगायचे होते. त्याने ते सांगितले. इथे त्याची गरज नाही. मग म्हणाला, "एकदा रिपोर्ट आला की सगळं संपेल."

"समजा, रिपोर्ट वाईट आला. तो आजार त्या कागदानं दिलेला असेल का?"

"नाही."

"मग आज तपासणी केली नाही, तर काय बदलेल?"

हेल्मेटची काच थांबली. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि ती शांतता मोडण्याचा मोह मी आवरला. नवे लोक नेमके इथेच बोलून हातचे घालवतात. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे असेल तर ते आत्ताही आहेच. मी फक्त बघत नाहीये."

हे वाक्य मी त्याला सांगितले असते, तर त्याने पुन्हा मान डोलावली असती. ते त्याच्या तोंडून आले, म्हणून त्याचा हात संमतीपत्राकडे गेला. सही करण्याआधी त्याने विचारले, "तिला सांगाल?" यावर गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही. मी म्हटले, "रिपोर्ट आधी तुम्हालाच, बंद दाराआड सांगीन. पण तो पॉझिटिव्ह आला, तर तिला आणि पोटातल्या बाळाला अंधारात ठेवता येणार नाही. तुम्ही स्वतः सांगावं यासाठी मी सोबत बसेन." कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे, जोडीदाराला धोका असेल, तर समुपदेशन करून काही अटींवर त्याला कळवण्याची तरतूदही त्यातच आहे. हे मी नेहमी सहीच्या आधी सांगते.

माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या बहुतेक पतींचे रिपोर्ट निगेटिव्ह येतात, हेही इथे सांगायला हवे. त्याचा आला नाही. वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी तो पक्का झाला.

तिला सांगायला त्याने दोन दिवस घेतले आणि माझ्यासमोरच सांगितले. तिचा पहिला प्रश्न बाळाबद्दल होता. दुसरा प्रश्न तिने विचारलाच नाही. ती उठून बाहेर गेली. अशा वेळी 'झालं गेलं विसरा, संसार महत्त्वाचा' असे सांगणारे पुष्कळ लोक तिच्या आजूबाजूला होते, त्यात मी भर घालण्याचे कारण नव्हते. राग हा तिचा होता आणि तो खरा होता. मी फक्त एवढे पाहिले की, रागाच्या भरात तिची पुढची तपासणी चुकणार नाही.

तिची चाचणी लगेच पुन्हा केली, ती निगेटिव्ह आली. नंतर ठरावीक काळाने आणि बाळंतपणाच्या आधी परत केली. त्याचे उपचार विलंब न लावता सुरू झाले, कारण लागण आढळली की औषधे लगेच सुरू करण्याचे धोरण आपल्याकडे २०१७पासून आहे आणि ती सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, मोफत मिळतात. विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली येऊन तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे ऐकून तो पहिल्यांदा सैल बसला. तोपर्यंत प्रत्येक वेळी निरोध. ती बाळंतपणाला माहेरी गेली. तिचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह राहिले आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत तपासण्या चालू ठेवायच्या, हे तिला तोंडपाठ झाले. त्याच्याशी ती पूर्ववत बोलू लागली का, याचे उत्तर 'हळूहळू' असेच आहे.

आईलाच लागण असती, तरी वाट बंद नव्हती. काहीच उपचार झाले नाहीत, तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. आईला औषधे, रुग्णालयात बाळंतपण आणि बाळाला जन्मल्याबरोबर सुरू होणारे औषध एवढे वेळेवर झाले, तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते.

पत्नींना माझे सांगणे असे की, हा विषय भांडणाच्या वेळी काढू नये आणि 'तुमच्यावर विश्वास आहे, पण' अशी सुरुवात तर मुळीच करू नये, कारण ऐकणाऱ्याला त्यातले फक्त 'पण' ऐकू येते. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला दोघांनी मिळून यावे आणि एकाच दिवशी रक्त द्यावे. म्हणजे कोणी कोणाला सांगितले हा प्रश्नच उरत नाही. ज्या घरात हे बोलल्यावर मारहाणीची भीती असेल, तिथे आधी एकटीने समुपदेशकाला भेटावे. पतींनी रजेचे कारण सांगू नये. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांना साधारण गुरुवारची सुट्टी असते आणि त्या दिवशी सरकारी रुग्णालयांतील तपासणी केंद्रे चालू असतात. रक्ताला पैसे पडत नाहीत, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. आधी नुसते विचारायचे असेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.