आईंचं जेवण साडेतीनला का झालं?

मावशी, सलाम. मी नगरची, वय ४४. घरात आम्ही दोघं, मुलगा बारावीला आणि सासूबाई, त्या ७८ च्या, दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून. प्रभू येशूच्या दुसऱ्या येण्याबद्दल मी फार गंभीर झालेय. रात्री ऑनलाइन प्रार्थना असते, कधी कधी दोन वाजतात, आणि दुपारी १२ ते ३ मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची, प्रार्थना लाईव्ह असते. युद्धं, भूकंप, सगळी चिन्हं दिसतायत. पण हे अजिबात तयार नाहीत. चर्चला फक्त नाताळ आणि ईस्टरला, बाकी रविवारी झोपून, कारण म्हणे रात्री आईंचं करायला उठावं लागतं. प्रभू आला तर मी त्याच्याबरोबर स्वर्गात जाईन आणि हे मागे राहतील या विचाराने मला झोप येत नाही. घरावर सैतानाचा हल्लाही चालूच आहे, परवा लाईव्ह संपवून बाहेर आले तर आई घामाघूम, काहीबाही बरळत होत्या, मला ओळखेनात. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, साडेतीनला जेवल्यावर शांत झाल्या. ह्यांनी त्यावरूनही तमाशा केला, म्हणे इन्सुलिन देऊन ठेवलं होतंस ना. आता मला २१ दिवसांचा उपवास धरायचाय आणि हे नको म्हणतात. ह्यांचं मन कसं वळवू?

सलाम बाई.

पत्रात तू पुष्कळ काही लिहिलंयस, चिन्हं, उपवास, मिस्टरांचं मन, पण मी एका वाक्याशी जी अडकले ती अडकलेच. जेवल्यावर शांत झाल्या. हे तूच लिहिलंयस गं, तुझ्याच हाताने, आणि पुढच्या ओळीत लगेच नवऱ्याच्या तमाशावर गेलीस.

माझं आयुष्य वॉर्डात गेलंय त्यामुळे सरळ सांगते. इन्सुलिन टोचलेलं, पोटात अन्न नाही, घाम, बरळणं, माणूस ओळखू न येणं, याला शुगर लो होणं म्हणतात. जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं की ताट समोर तयार पाहिजे, बहुतेक इन्सुलिनला फार तर अर्धा तास, काहींना तेवढाही नाही. तू किती वाजता टोचलंस ते लिहिलं नाहीयेस, पण लाईव्ह १२ ला सुरू होतं आणि त्या जेवल्या साडेतीनला, हिशोब तूच कर. शुगर ७० च्या खाली गेली की शरीर ओरडायला लागतं, आणि म्हातारं माणूस, त्यात अंथरुणावरचं, ते ओरडणंसुद्धा नीट करू शकत नाही, गप्प पडून राहतं किंवा बरळतं, आणि तसंच राहिलं तर बेशुद्ध होतं, झटके येतात, माणूस जातंसुद्धा. पुन्हा असं दिसलं तर आधी ग्लुकोमीटर, तो हाताशी नसेल तर त्याची वाट बघत बसायचं नाही, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग जेवण. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. प्रार्थना कर ना, साखर कालवता कालवता कर, देवाला चालतं.

आता तुला राग आला असेल की मी वचनाचं विचारलं आणि मावशी नर्सगिरी करत बसली. तर ये, वचनावरच येऊ.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय तुझा पाठ असणार, युद्धं आणि भूकंप तिथलेच. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे ३६ वं वचन तुमच्या लाईव्हवर रोज निघत असेल, आणि जागे राहा हे ४२ वं तर नक्कीच. पण त्याच्यापुढे अजून तीनच वचनं जायचं, ४५ वर. जागं राहायचं म्हणजे काय करायचं ते प्रभू तिथे लगेच सांगतो. धनी बाहेर गेलाय, घर एका दासाच्या हाती दिलंय, आणि त्या दासाला काम काय दिलंय? घरातल्या माणसांना वेळेवर खायला द्यायचं. बस. धनी येईल तेव्हा जो दास हे करताना सापडेल तो धन्य. त्याने आकाशाकडे बघत बसावं, तारखा काढाव्यात, शेजारचा दास तयार आहे की नाही ते तपासावं, यातलं काहीएक सांगितलेलं नाही. वेळेवर जेवण एवढंच. आणि तुझ्या घरात नेमकं तेच साडेतीनला झालं.

माझं वाकडं तोंड प्रार्थनेवर नाहीये हं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात १९०५ साली जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं ते आपल्या लोकांना ठाऊक आहे, मुली तासन्‌तास प्रार्थनेत असायच्या. पण ती जागा उभी कशी राहिली होती? दुष्काळातून उचलून आणलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुलींवर. हजाराच्या वर तोंडं होती तिथे, शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता, आणि रोजचा स्वयंपाक कोणाला तरी करावाच लागत होता. रमाबाईंनी घरातल्या माणसांना उपाशी ठेवून स्वर्गाची वाट बघितली नाही, आणि त्यांच्यापेक्षा आपण जास्त आत्मिक आहोत असं निदान मला तरी म्हणवणार नाही.

आणि ज्यांनी कामं टाकून वाट बघितली त्यांचंही बघ. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या लोकांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, काहींनी शेतातलं पीक तसंच उभं सोडलं, आणि २३ तारीख उजाडली. २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याने २१ मे सांगितली, लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले, तीही गेली. तुमच्या ग्रुपने तारीख काढली नसेल, मान्य, पण रोज आजच येणार या घाईत दुपारचं ताट राहून जातंय म्हणजे फरक फार उरला नाही. बायबलच्या काळात थेस्सलनीका शहरात हेच झालं होतं, प्रभूचा दिवस आलाच म्हणून मंडळीत धावपळ, आणि काही जण कामधंदा न करता दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसत हिंडायचे, तर प्रेषित पौलाने त्यांना सभा वाढवा असं लिहिलं नाही, गप काम करा आणि आपली भाकर खा असं लिहिलं.

राहिला तुझा नवरा. तू म्हणतेस तो तयार नाही. पत्रात तूच लिहिलंयस की रात्री आईंचं करायला तो उठतो. आईंचं करणं म्हणजे काय ते तुलाही माहितीये आणि मलाही, ओलं बदलायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस वळवायची, आणि झोपमोड झालेला तो माणूस रविवारी आठला उठत नाही. तू त्याच वेळी दोन वाजेपर्यंत फोनवर जागी असतेस. मत्तय २५ मधल्या नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारी आठव, त्या दहाच्या दहा झोपल्या होत्या बरं, शहाण्या पाचसुद्धा. वर त्याच अध्यायातल्या न्यायाच्या दिवसाच्या मेंढरं-शेरडांच्या गोष्टीत उजवीकडच्या, म्हणजे धन्य ठरलेल्या, लोकांना पत्ताच नसतो की आपण काही केलंय, ते उलट विचारतात, प्रभू, तुला भुकेला कधी पाहिला? तुझा नवरा त्या रांगेत उभा राहील की नाही ते ठरवणारी मी कोण, पण तू तर त्याला आधीच मागे सोडून बसलीयेस. ते काम तुझं नाही.

म्हणून त्याचं मन कसं वळवायचं हे मी सांगणार नाही. (त्यालाही सांगायचंय मला काही, घरी असतो त्या दिवशी कुकर लावायला त्याचे हात झिजत नाहीत, पण पत्र त्याचं नाही, तुझं आहे.)

तू एकच कर. दुपारचं लाईव्ह सोड. कमी करू नकोस, कानात इअरफोन घालून वरण ढवळू नकोस, सोड. ग्रुपला मेसेज टाक की माझ्या घरी आजारी माणूस आहे, १२ ते ३ मी नाही, आणि कोणी विश्वासात थंड पडलीस म्हणालं तर त्यांना मत्तय २४:४५ पाठव. ताट वाढून तयार झालं की मगच इन्सुलिन, आणि आईंचा शेवटचा घास होईपर्यंत तिथेच बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. बोलायचं त्यांच्याशी. ७८ वर्षांच्या बाईने किती पाळक बघितले असतील, किती गायनं पाठ असतील तिला, विचार कधी. उपवासाचं म्हणशील तर पाळकसाहेबांशी बोल, पण २१ दिवस तू अशक्त होऊन पडलीस तर आईंना उचलून बसवणार कोण तेही त्यांना सांग.

त्याआधी आज, हे वाचून झाल्यावर लगेच, आईंच्या डॉक्टरांना फोन कर. परवा काय झालं ते जसंच्या तसं सांग, किती वाजता टोचलं, किती वाजता जेवल्या, काही लपवू नकोस, डोस बदलायचा असेल तर ते सांगतील. नवऱ्यालाही सांग की चूक माझी होती. तो काही बोलेल, ऐकून घे.

पंधरा दिवसांनी मला लिही. चिन्हांचं नको, ह्यांचंही नको. आईंच्या जेवणाआधीच्या शुगरचे आकडे वहीत मांडून पाठव.